चौथ्या मजल्यावरची झोप

नाव: ओळखपत्रावर आहे तेच, इमारतीत सगळे 'कॅप्टन' म्हणतात. वय ४४ वर्षे. धंदा: वैमानिक. राहणार: पाचवा मजला, जिन्याच्या उजव्या हाताचं घर.

ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी व मुलीसह राहतो. आज ज्या घरात सापडलो ते चौथ्या मजल्यावर, उजव्याच हाताला आहे. तिथल्या फिर्यादींशी माझं वैर नाही. ओळखही नव्हती, आता झाली.

आज पहाटे कामावर नेहमीचा फॉर्म भरला. 'मी थकलेलो नाही' या चौकोनात खूण केली. दुसऱ्या चौकोनात केली की ड्यूटी लावणारे साहेब फोन करतात, "काय हो, घरी सगळं ठीक ना?" आणि बढतीच्या यादीतून आपण गायब. सहा दिवसांतली ही माझी पाचवी पहाट. चार उड्डाणं करून दुपारी तीनला परतलो. लिफ्ट बंद होती, जिना चढलो. दार उघडं दिसलं, आत शिरलो.

शर्ट खुर्चीला अडकवला, बूट जोडीने ठेवले. खिडकीपाशी एक आजी वाटाणे सोलत होत्या. विमानात आम्हाला आळीपाळीने थोडी डुलकी घेता येते. फक्त आधी विमान शेजारच्याकडे सोपवतोय असं सांगायचं आणि त्याने होकार द्यायचा. त्या सवयीने मी म्हणालो, "आता तुमच्याकडे." आजी म्हणाल्या, "बरं, झोप तू." म्हणजे नियमाप्रमाणे सगळं झालं होतं.

साडेपाचला त्यांचे चिरंजीव, म्हणजे फिर्यादी, आले आणि स्वतःच्या पलंगावर बनियनमधला परका पुरुष बघून ओरडले. आजींनी त्यांनाच दटावलं, "हळू बोल रे, किती दमलाय बिचारा!" मला रडू आलं. वर्षभरात हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

ठाणे अंमलदारांनी सुचवलं, "दारू प्यायलो होतो, असं लिहू? सुटसुटीत होईल." प्यायलो नव्हतो, दोनदा फुंकून दाखवलं. चोरीचा इरादाही नव्हता. बाकावर बसलेली बायको म्हणते, "अहो, चक्कर आली म्हणा ना." चक्कर म्हटलं तरी लायसन जातं, हे ती घाईत विसरली.

तरी खरं ते सांगतो. मी थकलो होतो. फॉर्म भरतानाही थकलो होतो. शेवटच्या उड्डाणात एकशे बहात्तर माणसं होती. चाकं टेकल्याचं मला आठवतं. त्याआधी, उंचावरून खाली येतानाची चार मिनिटं आठवत नाहीत. उतरल्यावर सहवैमानिकाला विचारलं. तो म्हणाला, "सर, मला वाटलं, तुम्ही बघताय."

हा परिच्छेद खोडू का, असं अंमलदारांनी दोनदा विचारलं. खोडू नये.

जबाब मला वाचून दाखवला. मध्ये आम्हा दोघांनाही जांभया आल्या, तेवढा भाग पुन्हा वाचला. मी सांगितलं तसाच उतरला आहे. ऐकताना मी जागा होतो.