सखारामशेठ मार्ग

काय सांगू तुम्हाला, माझं माहेर इगतपुरीकडं, भातखाचरातलं, लग्न होऊन सातपूरला आले तर यांची कंपनीत नोकरी अन् लाल बावट्याची युनियन. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची रीत हाय, तर मी बायांत म्हणाले, आमचे मालक आले, अन् हे चिडले, म्हणे मालक तिकडं मुंबईला बसलाय, मी कामगार, मला मालक म्हणू नको. मग काय म्हणू, तर म्हणे कॉम्रेड म्हण. माझी जीभ वळायची नाय, मी कामरेट म्हणायचे, हे हसायचे.

एकदा पेपर वाचता वाचता म्हणाले, रशियात आपलं राज्य गेलं, रस्त्यांची नावंसुद्धा बदलायला लागलेत. त्या दिवशी जेवले नाय. मी म्हणलं, तिकडच्या पाट्यांचं आपल्याला काय. पुढं कंपनीच्या गेटवर सभेत बोलता बोलताच छातीत कळ आली अन् गेले. तवा नगरसेवक लाल बावट्याचाच, त्यानं गल्लीला पाटी लावली, कॉम्रेड सखाराम मार्ग.

मग कंपनी बंद पडली, इलेक्शनला लाल बावटा पडला, नवा नगरसेवक आला, लय गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्याचा मला पहिल्यापासून वहीम. म्हणाला, मावशी, नाव काढत नाय, नुसती पाटी नवी करतो. पाटी लागली, बघते तर सखारामशेठ मार्ग. जन्मभर शेठ लोकांशी भांडलेला माणूस, त्यालाच शेठ करून टाकला. नगरसेवकाला गाठलं, तो म्हणे पेंटरची चूक. मला नाय पटलं, पेंटर काय आपल्या मनानं अक्षरं वाढवतो? पेंटरकडं गेले, तो खाली बघत म्हणाला, मावशी, तुमच्या पोरानंच सांगितलं.

सगळ्यांवर वहीम घेतला, घरात बघितलंच नव्हतं. पोरगा म्हणाला, आई, पोरीसाठी स्थळं बघतोय, कॉम्रेड म्हणलं का लोकांना संप आठवतो, शेठ म्हणलं का खुर्ची देतात. लय वाईट वाटलं मला, पण नातीकडं बघून गप बसले.

नात येवल्याला दिली, सुखात राहो बाई. पण व्याही आले का पोरगा त्यांना मुद्दाम पाटीवरून आणतो, सांगतो, वडलांचं कापडाचं दुकान होतं मेन रोडला. मी चहा देते. व्याही म्हणतात, शेठाणीबाई, तुम्ही पण बसा की. मान देतात का चेष्टा करतात, त्यांच्या तोंडाकडं बघते, काय कळत नाय. बसते.