उंच गाडीपुढची मावशी

अरे, मी ही उंच गाडी घेतली ना, त्याच आठवड्यातली गोष्ट. अकोल्याच्या भाजीबाजारात गाडी सुरू करून जराशी पुढे घेतली, तर बोनेटवर दणकन थाप पडली. ब्रेक मारून उतरलो. भाजीवाल्या मावशी सांडलेली वांगी वेचत पुढ्यात बसलेल्या. बंपर खांद्याला टेकलं होतं.

"मी दिसली नाही काय तुले?"

"खरंच नाही दिसल्या, मावशी."

त्यांना पटेना. "तू बस इथं. मी वरून पाहतो."

गाडी बंद करून मी त्यांच्या जागी उकिडवा बसलो. त्या माझ्या सीटवर चढल्या. मग ओरडल्या, "दिसूनच नाही राहिला रे तू! उठ बाप्पा, लवकर उठ!"