उकव्याची पायवाट

नाई म्हनलं ना भाऊ, नाई — उकव्याले उतराले इकडून पायवाटच नाई. बसा, चहा घ्या. तुमचं ते ड्रोन वरून पाह्यते तं पाहू द्या, त्याले झाडंच दिसतीन — सागवन, बांबू, खाली नाला. नकाशात पहाड दाखवा, जंगल दाखवा, वाट काहून पाह्यजे तुमाले? गावात सगळ्यायनं हेच सांगतलं ना? सांगनारच! आमच्या ह्यायनं, पियुषच्या बाबायनं, घरोघरी फिरून सांगून ठेवलं हाये — सरकारी मानूस वाट विचारीन, नाई म्हना. म्हनते, नकाशात चढली नाई का वाट आपोआप मरते. घ्या! असं कुठं असते का बाप्पा?

आता असं पाहू नका माह्याकडं. बरं, हाये. हाये वाट. मोहाच्या झाडामागून उतरते, नाला वलांडला का उकव्याची बस. आमची सून, मयुरी, त्याच वाटेनं गेली ते गेलीच. पियुषचं पिनं, तिले मारनं — जाऊ द्या, माहाच पोरगा हाये थो. पन ह्यायनं पोराले एक शबद म्हनला नाई, अन् वाटेवर बोरीच्या काट्या टाकल्या! वाटेचा काय गुन्हा हो भाऊ? अन् माहा काय? मी का पळून जाईन या वयात? माय हाये माही किरनापुरले. अन्न सोडलं तिनं. भावानं फोन केलता — कमला, तुह्यासाठी डोळे लावून बसली हाये, ये लवकर. मी ह्यायले म्हनलं, मले गाडीवर सोडून द्या. तं म्हनते, मयुरीबी मायलेच भेटाले गेलती.

तुमी असं करा ना — तुमचं कामच हाये वाट चालून पाह्याचं. काट्या बाजूले सारा, पुढं चाला. सरकारी मानसाले कोन काय म्हनते? मी मागून येईन, चूपचाप. एकदा बसमंधी बसली का सुटली मी. लुगडं पिशवीत भरून ठेवलं हाये सकाळपासून —

थांबा. गाडीचा आवाज. ह्यायचीच होय.

उठा भाऊ, उठा. कप राहू द्या तसाच. नाई, आता नाई — काय? माय? लय जगली थे, काय पाह्याचं राह्यलं तिचं! हौ जी, आली, आली! — निंगा तुमी.