साक्ष द्यायला मला उभं केलं

आमचं मूळ गाव तासगावच्या पलीकडं, द्राक्षाच्या पट्ट्यात, पण द्राक्षबाग आमची कधीच नव्हती, आई-वडील दोघंही दुसऱ्याच्या बेदाणा शेडवर कामाला. मोसमात जाळ्यांवर द्राक्षं पसरायची, वाळली की झाडायची, गंधकाची धुरी द्यायची, मग बायका ओळीनं बसून बेदाणा निवडायच्या, काडी वेगळी, काळा दाणा वेगळा, आणि त्या धुरीनं आईचे डोळे कायम लाल. मोसम संपला की भांगलण, म्हणजे लोकांच्या रानातलं तण काढायचं, भांगलण संपली की मिळेल ते. भावकीतली निम्मी घरं बौद्ध, आमचा आजा मिशनच्या शाळेत शिपाई लागला तेव्हापासून आमचं घर ख्रिस्ती. गावात चर्च नव्हतं. रविवारी एस.टी. मिळाली तर तालुक्याला जायचं, नाही मिळाली तर घरातच दोन गाणी म्हणायची आणि परत शेडवर.

आईला लेकरं बरीच झाली, राहिलो मी आणि माझा भाऊ. बाकीची कुठं आहेत असं लहानपणी विचारलं की आई शेडच्या मागच्या बांधाकडं नुसता हात करायची. नाव ठेवायच्या आधीच गेली, बाप्तिस्मा झाला नव्हता, दफनभूमी लांब सांगलीला, तान्ह्या लेकराला तिथवर कोण नेणार, तर वडिलांनी बांधाला पुरलं आणि आई दोन दिवसांनी परत निवडायला बसली. हे मी आधीच का सांगते, तर तुम्ही जे लिहून घेताय त्यातलं पुढचं कळायला ते लागतं.

मी शिकले. हे मी मान वर करून सांगते, कारण आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक बघितलं नव्हतं. बी.ए. झाले, मराठी घेऊन. पदवीच्या दिवशी आईनं माझ्या अंगावरचा तो काळा गाऊन दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, कापड बरं हाय की. सांगलीत एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली आणि तिथूनच पुढं लग्न जमलं. आमचे शमुवेल टेम्पो चालवतात, मार्केट यार्डात हळदीची पोती टाकायची, त्यांचा शर्ट कितीही वेळा धुवा, पाणी पिवळंच निघतं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांची प्रार्थना म्हणजे काय सांगू तुम्हाला, भाजी खारट झाली तरी देवाला कळवतात. शमुवेल म्हणायचे, आई, त्याला जरा इसावा दे की. पण जीव लय लावला त्यांनी मला. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही, पण एकदाही तोंडातून वाकडा शब्द नाही.

आणि मग दिवस राहिले. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, पाचवा लागेपर्यंत कुणाला बोलू नगं पोरी, दिष्ट लागती. आत्या हसल्या, म्हणाल्या, आवं काकू, आमी ख्रिस्ती मानसं, आमाला कसली दिष्ट. आणि मी पण हसले, मी तर शिकलेली, मी असल्या गोष्टी मानते होय. आमच्या महिला मंडळाची शुक्रवारी प्रार्थना असते, तिथं साक्ष द्यायची रीत आहे, म्हणजे उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं. तिसराच महिना होता, आत्या पदर सावरून उभ्या राहिल्या आणि सांगून मोकळ्या झाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या, गाणं म्हटलं, त्यातल्या काहींचे डोळे भरले. मला तर अंगावर शाल घातल्यासारखं वाटलं. दृष्ट नाही लागत हो, ते मी आजही मानत नाही. पण उभं राहून एकदा सांगितलं की ती गोष्ट आपली राहत नाही, मंडळीची, म्हणजे सगळ्या चर्चची होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी केली. डॉक्टर मॅडमनी मशीनवर परत परत बघितलं. मग बाहेरून शमुवेलना आत बोलवलं आणि दोघांना बसवून सांगितलं, बाळाच्या डोक्याची कवटी वरच्या बाजूनं तयारच झालेली नाही, आणि आतला मेंदूही नीट झालेला नाही. मी विचारलं, ऑपरेशन? त्या म्हणाल्या, यावर ऑपरेशन नाही. पोटात आहे तोवर राहील, जन्मलं तर तासाभराचं किंवा फार तर दिवसाचं. तुम्हाला थांबवायचं असेल तर कायद्यानं थांबवता येतं, पण उशीर करू नका, उशीर झाला की मोठ्या डॉक्टरांच्या मंडळापुढं जावं लागतं. मी विचारलं, तुम्ही काय केलं असतं? त्या म्हणाल्या, ते मी सांगणार नाही, ते सांगणं माझं काम नाही. तेव्हा मला राग आला होता, आता येत नाही.

घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्या रडल्या नाहीत, उठल्या आणि प्रार्थनेसाठी डोक्यावर पदर घेतला. पुढच्या शुक्रवारी त्यांनी तेही उभं राहून सांगितलं. मी विचारलं, आत्या, का सांगितलंत? तर त्यांना प्रश्नच कळेना. म्हणाल्या, आनंदाचं सांगितलं, मग दुखाचं लपवायचं व्हय, ते खोटं न्हाई का व्हनार. त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबर होतं हो. पण त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे चर्चची ओसरी झाली. बायका उपास करायला लागल्या, दुपारी यायच्या, माझ्या पोटावर हात ठेवायच्या आणि देवाकडं कवटी मागायच्या. मी शाळेतून दमून यायची आणि खुर्चीवर बसून राहायची, माझ्या पोटाशी चार हात. कुणी म्हणायचं, विश्वास ठेव, देव चमत्कार करतो. कुणी म्हणायचं, बघ हं बाई, काही वाकडंतिकडं मनात आणू नको, जीव त्याचा आहे. त्यात एक शांतामावशी यायच्या, त्या कधीच मोठ्यानं प्रार्थना करायच्या नाहीत. खाली बसायच्या आणि माझे पाय चेपायच्या, सुजले होते ना, आणि निघून जायच्या.

आत्यांनी टोपडं शिवायला घेतलं. मऊ पांढऱ्या कापडाचं, काठाला निळी फीत. चांगलं गोल, भरलेल्या डोक्याचं माप. मी म्हटलं, आत्या, मॅडम काय म्हणाल्या ते ऐकलंय ना तुम्ही. त्या म्हणाल्या, मॅडम मशीनवरचं सांगत्यात.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी स्वतः बोलवलं. म्हटलं, वर्षानुवर्षं तुम्ही उपदेशात सांगता की गर्भपात म्हणजे हत्या, पोटातलं लेकरू देव स्वतः घडवतो, तर मला एक सांगा, हे लेकरू कुणी घडवलं? साहेब लय वेळ चहाचा कप हातात धरून बसले, त्यावर साय आली. म्हणाले, जीव घेऊ नये हे पक्कं आहे, त्यात मी बदल करू शकत नाही. पण जो राहणारच नाही म्हणतात त्याला आधी सोडवणं म्हणजे घेणं का, हे मला नीट सांगता येत नाही, मी थोरल्या साहेबांना विचारतो. त्यांनी दोन थोरल्या साहेबांना, म्हणजे वरच्या पाळकांना, फोन केले. एक म्हणाले, कुठल्याच कारणानं नाही, एक तासाचं आयुष्य असलं तरी ते आयुष्यच. दुसरे म्हणाले, आईचा जीव आणि तिची सदसद्विवेकबुद्धी हेही देवानंच दिलंय, तिच्यावर ओझं टाकू नका. पाळकसाहेबांनी दोन्ही उत्तरं जशीच्या तशी मला आणून दिली. प्रामाणिक माणूस. पण मी होते तिथंच राहिले. दोन्ही ऐकलं की दोन्ही खरं वाटायचं, सकाळी एक, शाळा सुटल्यावर दुसरं.

शमुवेल म्हणायचे, तू म्हणशील तसं. मी म्हणायची, मी काही म्हणतच नाही, तुम्ही म्हणा. ते म्हणायचे, माझ्या पोटात हाय का ते? मग गाडीची किल्ली उचलून जायचे, यार्डात काम नसलं तरी.

शेवटी गावी आईकडं गेले. आई शेडवर निवडत होती, शेजारी बसले, हात चालूच ठेवून तिनं सगळं ऐकलं. म्हटलं, आई, तू सांग, तू सांगशील ते करते. आई म्हणाली, माझी एवढी गेली, मला कवा कुनी इचारलं न्हाई ठेवायचं का न्हाई, नुसतं येत व्हतं आन जात व्हतं. तुला इचारायलेत, मला काय ठावं इचारल्यावर काय सांगायचं असतं ते. आणि माझ्या हातावर मूठभर बेदाणा ठेवला, चांगला, निवडलेला.

आता खरी गोष्ट सांगते, ती नीट लिहा. मी ठरवलं नाही. लोक म्हणतात मी ठरवलं. मी शाळेत जात होते, येत होते, कॅलेंडरकडं बघत नव्हते, आणि एक दिवस मॅडमनी सांगितलं की आता तो वेळ गेला, आता डॉक्टरांच्या मंडळापुढं जावं लागेल, जायचंय का? मी म्हटलं, विचारून सांगते. कुणाला विचारणार होते कुणास ठाऊक. लाथा मारत होती ती, जेवले की जास्त. जिला डोकं नाही म्हणत होते ती मी गाणं म्हटलं की हलायची. गाण्यानं हलायची का नुसतीच हलायची, ते पण मला माहीत नाही.

मुलगी झाली. पाळकसाहेब दवाखान्यात आले, स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, कृपा नाव ठेवून बाप्तिस्मा दिला. आत्यांनी टोपडं घातलं तर ते डोळ्यांच्या खाली उतरलं. तिथंच बाकावर बसल्या, सिस्टरकडून सुईदोरा मागून घेतला आणि टोपडं आतून मुडपून टाके घातले, घाईघाईनं, मोठे मोठे. मग बसलं. टोपडं घातल्यावर पोरगी नुसती झोपलेली दिसत होती, हनुवटी शमुवेलची. दुपारी जन्मली, दिवेलागणीला गेली. शमुवेलनी तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

तिला दफनभूमीत जागा मिळाली, बाप्तिस्मा झालेला होता ना. आणि मग निराळंच सुरू झालं. मंडळीत माझं नाव व्हायला लागलं. बघा, कसा विश्वास, शिकलेली असून देवावर भार टाकला. पाहुणे उपदेशक आले की मला दाखवायचे. एका पोरीला तर कुणीतरी माझं उदाहरण देऊन गप्प केलं असं कानावर आलं, ती कोण, तिचं काय होतं, मला कळलं नाही, पण मला जेवण जाईना. मग बायकांच्या रविवारी, त्या दिवशी सगळी उपासना बायकाच चालवतात, मला साक्ष द्यायला उभं केलं.

मी उभी राहिले. आत्या पहिल्या रांगेत. मी म्हटलं, बायांनो, मी विश्वासानं काही केलं नाही. मला ठरवता आलं नाही म्हणून ती जन्मली. ती जन्मली याचा मला आनंद आहे आणि तिला उगाच त्रास दिला का असंही वाटतं, दोन्ही एकदम वाटतं. मी बरोबर केलं का ते मला माहीत नाही. माझ्या नावानं कुणा दुसरीला काही सांगू नका. आणि बसले. कुणी टाळी वाजवली नाही. हार्मोनियमवाल्या भाऊंना गाणं सुरू करायचं सुचेना.

बाहेर चपला घालताना शांतामावशी आल्या. म्हणाल्या, माजं असंच व्हतं गं, लय वर्सं झाली, मी ठेवलं न्हाई. नवऱ्याला आन मला, दोघांनाच ठावं. मी रोज देवाला म्हनते चुकलं असंल तर बघ, आन रोज वाटतं की चुकलं न्हाई. मी म्हटलं, मावशी, तुम्ही म्हणून पाय चेपत होता? त्या म्हणाल्या, पोटावर हात ठेवायचं धाडस व्हईना. त्यांच्या लेकराला ना नाव होतं, ना जागा. आणि मला शेडमागचा बांध आठवला.

आत्यांनी घरी आल्यावर एवढंच विचारलं, मी त्या शुक्रवारी उभी राहून सांगितलं नसतं तर तू काय केलं असतंस? मी म्हटलं, माहीत नाही आत्या. त्या म्हणाल्या, मग मी इचारायला पायजे व्हतं. आणि भात लावला.

पुढं मी आणि शांतामावशीनं मंडळीच्या कमिटीकडं अर्ज दिला, बाप्तिस्मा न झालेल्या तान्ह्यांनाही दफनभूमीत जागा द्या म्हणून, अर्ज मी लिहिला, एकही चूक नाही त्यात. कमिटीत लय चर्चा झाली, एकजण म्हणाले, यानं चुकीच्या गोष्टीला वाट मिळंल. पाळकसाहेब म्हणाले, मेलेल्याला जागा दिल्यानं कुणाला वाट मिळत नाही. उपदेशात ते अजून तेच सांगतात, जीव देवाचा. मी अजून बसून ऐकते, आणि मान हलवते, आणि मनात म्हणते, पण.

आत्या अजून शुक्रवारी उभ्या राहतात, पण आधी विचारतात, सांगू का गं. मी कधी हो म्हणते, कधी नको म्हणते. देव त्यांचं भलं करो, आणि तुमचंही, एवढा वेळ ऐकलंत.

दफनभूमीत पूर्वेच्या भिंतीला तान्ह्यांसाठी जागा झाली आहे. बाप्तिस्मा झालेला असो नसो, जन्मलेलं असो नसो, आणि कसं गेलं ते तिथं कुणी विचारत नाही. आईनं बांधावरची ओंजळभर माती आणून तिथं टाकली.