पट्ट्याकडचं चाक

ताई: वाचलास ना ड्यूटीचा तक्ता? मग परत भिंतीवर लाव. फाडलास तरी हरकत नाही, पाच प्रती काढून ठेवल्यात.

बारक्या: फाडला नाही, तुला दाखवायला आणला. तुझी काहीतरी गफलत झालीय ताई. माझ्या नावापुढे बुवाचं नाव आलंय.

ताई: आलं नाही. मी लिहिलंय.

बारक्या: नाक्यावाला आणि टेकडीवाला एकाच ॲम्ब्युलन्समध्ये?

ताई: सगळ्याच ॲम्ब्युलन्समध्ये, आज सकाळपासून. एका खेपेला एक चालवेल, दुसरा पेशंटजवळ बसेल. पुढच्या खेपेला उलट.

बारक्या: आणि आमचा अर्ज? एकोणीस सह्या आहेत त्यावर. पहिली माझी.

ताई: बघितली. शाळेत काढायचास तशीच आहे अजून, शेपटीवाली.

बारक्या: थट्टा नको. आत्ता मी तुझा भाऊ नाही. सगळ्या नाक्यावाल्यांच्या वतीने बोलायला आलोय.

ताई: मग त्या टेबलावरचे पाय आधी खाली घे. वतीने बोलणारी माणसं अशी बसत नाहीत.

बारक्या: घेतले. आता ऐक. टेकडीवरचं त्यांचं स्टेशन बंद झालं, त्यात आमचा काय दोष? आठ महिन्यांपूर्वी आले काय, निम्मं आवार त्यांचं, निम्मी कपाटं त्यांची. आम्ही वीस वर्षं या नाक्यावरच्या स्टेशनात घासतोय.

ताई: थांब. तुला एक कागद वाचून दाखवते. "ही माणसं गाडी धूत नाहीत. चहाची भांडी तशीच टाकून जातात. स्ट्रेचर वापरलं की पट्टे लोंबकळत ठेवतात. बोलायला जावं तर तोंड फिरवतात. यांच्याबरोबर काम करणं अशक्य आहे."

बारक्या: शंभर टक्के खरं! एक शब्द इकडचा तिकडे नाही. कुणी लिहिलं आपल्यातल्या?

ताई: बुवाने लिहिलंय. तुमच्याबद्दल.

बारक्या: ...काहीही.

ताई: हे घे, अक्षर बघ. तुमचा अर्ज आणि हा शेजारी शेजारी ठेवला आणि सह्या झाकल्या, तर मलाही सांगता येणार नाही कुठला कुणाचा. आठ महिने दोन्हीकडची माणसं या वायरलेसवर ऐकतेय मी. तुम्ही शिव्यासुद्धा त्याच देता रे.

बारक्या: पण त्यांच्या शिव्या खऱ्या मनातून असतात.

ताई: वा! तुमचा माणूस उशिरा पोचला की रस्ता तुंबलेला असतो. त्यांचा उशिरा पोचला की तो कामचोर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

बारक्या: तू महिन्यापूर्वी सगळ्यांचं एकत्र जेवण ठेवलंस. आठवतंय ना काय झालं?

ताई: आठवतंय. दोन टेबलं, मधे एक खुर्ची रिकामी, आणि मिठाचं भांडं मागायलासुद्धा कुणी तोंड उघडलं नाही. अळणी जेवलात.

बारक्या: मग? पालथ्या घड्यावर पाणी. तरी तुझं आपलं चालूच.

ताई: जेवणाचा विचार माझाच चुकला. जेवायला बसवलं की माणूस खाली मान घालून जेवतो आणि उठतो. शेजारच्याची गरजच लागत नाही. एका स्ट्रेचरची दोन टोकं दिली तर निदान "उचल" एवढं तरी म्हणावं लागेल.

बारक्या: आणि नाही म्हटलं तर?

ताई: तर पेशंट पडेल. आणि पेशंट तुम्ही पाडणार नाही. एवढं मी ओळखते तुम्हाला. दोघांनाही.

बारक्या: हे सगळं त्या बाईच्या बाळामुळे चाललंय. मला कळत नाही का? तीन दिवस झाले, तू धड जेवली नाहीस.

ताई: हो, त्या बाळामुळेच चाललंय. मग? बुवाच्या गाडीचं चाक वळणावर फुटलं. ती बाई चाळीस मिनिटं रस्त्याच्या कडेला कळा सोसत होती. बाळ आज काचेच्या पेटीत आहे. आणि तुझी गाडी त्या वळणापासून चार मिनिटांवर मोकळी उभी होती.

बारक्या: मला कुणी बोलावलंच नाही! तू बोलावलं असतंस तर आलो नसतो का?

ताई: तेच तर. मी बुवाला वायरलेसवर विचारलं, दुसरी गाडी पाठवू? तो म्हणाला, टेकडीची आहे का मोकळी? म्हटलं, नाही, नाक्याची आहे. तो म्हणाला, मग राहू दे, मी चाक बदलतो.

बारक्या: बघ! बघ कसली माणसं आहेत!

ताई: पुढचं ऐक. मी "बरं" म्हणाले.

बारक्या: तू?

ताई: मी. मला वाटलं, तुला पाठवलं तर रस्त्यावरच तुमची जुंपायची. भांडण नको म्हणून मी बाळाची चाळीस मिनिटं घालवली, बारक्या. चौकशीत हे सांगणार आहे मी, पण त्याने ती मिनिटं परत येत नाहीत. म्हणून हा तक्ता. तू ओरड, अर्ज कर, घरी येऊन जेवणावर बहिष्कार टाक. तक्ता बदलणार नाही.

बारक्या: चौकशी आज आहे?

ताई: अकरा वाजता. साहेब आरोप ठेवणार, की बुवाने निघण्यापूर्वी गाडी तपासली नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली त्याची. काढून टाकतील.

बारक्या: तपासली असेल की त्याने.

ताई: तो म्हणतो तपासली. साहेब म्हणतात, मग बसलेलं चाक दिसलं कसं नाही? मलाही तेच कळत नाही. आंधळा तर नाही माणूस.

बारक्या: दिसणारच नाही ते.

ताई: म्हणजे?

बारक्या: मागचं डावं ना? ते पट्ट्याकडचं चाक.

ताई: कुठला पट्टा?

बारक्या: तूच मारलेला ना! ते आले त्या आठवड्यात, गाड्या लावण्यावरून मारामारी झाली म्हणून आवाराच्या मधोमध पांढरा पट्टा काढून घेतलास. अलीकडे आमची शेवटची गाडी, पलीकडे त्यांची पहिली. दोघांच्या मधे जेमतेम माणूस जाईल एवढी फट. त्या फटीत शिरायचं म्हणजे पाय पट्ट्यावर पडणार. कोण जाणार? आम्ही आमच्या गाडीच्या तीन बाजू बघतो, ते त्यांच्या तीन बघतात.

ताई: आठ महिने?

बारक्या: चौथी बाजू कुणीच बघत नाही. रीतच पडलीय.

ताई: अरे देवा. तुमच्यापैकी कुणाला हे सांगावंसं वाटलं नाही?

बारक्या: त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही.

ताई: साहेबांचा तो नुसता अंदाज आहे. पण तुला कसं ठाऊक, ते चाक सकाळपासून बसलेलं होतं? वळणावर खिळा लागला असेल.

बारक्या: लागला असेल.

ताई: बारक्या. इकडे बघ.

बारक्या: मी आमच्या गाडीचा आरसा पुसत होतो. आरशात दिसलं.

ताई: काय दिसलं?

बारक्या: चाक. निम्मं बसलं होतं. बुवा पलीकडून गाडीत चढला, मला दिसत होता. हाक मारायची म्हणजे... एक शब्द बोलायचा होता गं. "बुवा, चाक." दोन शब्द. मनात आलं, आपल्याला काय करायचंय, त्यांची गाडी आहे, कळेल त्यांना. थोडी मजासुद्धा वाटली. चाक बदलत बसतील आवारात, आम्ही बघू, असं वाटलं. रस्त्यावर फुटेल असं नव्हतं वाटलं. आईशपथ नव्हतं वाटलं.

ताई: आईला मधे आणू नकोस.

बारक्या: तीन दिवस झोपलो नाही मी.

ताई: आणि तरी सही केलीस. पहिली.

बारक्या: केली. लोक म्हणाले, तू पुढे हो. पुढे झालो की आतलं बोंबलणारं गप्प बसेल असं वाटलं.

ताई: बसलं?

बारक्या: नाही.

ताई: तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटतेय मला. लहान असतास तर दिली असती. आणि मग स्वतःच्याही दिली असती. आता काय करणार आहेस?

बारक्या: तू सांग साहेबांना.

ताई: मी माझं सांगेन. तुझं मी सांगणार नाही. आणि तू सांगितल्याशिवाय तुला या खोलीतून सोडणारही नाही.

बारक्या: सांगितलं तर माझीच माणसं मला वाळीत टाकतील. म्हणतील, बहिणीने फितवला. अठरा जण आहेत ताई. रोज त्यांच्यात बसायचंय मला.

ताई: आणि नाही सांगितलंस तर रोज स्वतःबरोबर बसायचंय. ते तर घरीसुद्धा सुटत नाही. आधी बुवाला सांग, मग साहेबांना. त्याला मी सातला बोलावलंय. हा बघ आलाच.

(बुवा दारातून आत येतात; बारक्याला पाहून उंबऱ्यापाशीच थांबतात.)

बुवा: नंतर येतो. तुमचं घरचं काही चाललेलं दिसतंय.

ताई: घरचं नाही, आवारातलं चाललंय. या आत. बाळ कसंय?

बुवा: आत्ताच बघून आलो. मूठ उघडते, मिटते. नर्स म्हणाल्या, आज पहिल्यांदा मोठ्याने रडलं. चांगलं असतं म्हणे रडणं. असो. अकरा वाजेपर्यंत माझी नोकरी आहे, तोपर्यंत काय करायचं ते सांगा.

ताई: तक्ता वाचलात?

बुवा: वाचला. माझी माणसं चिडलीत. मला म्हणाले, तुम्ही नाही म्हणा.

ताई: मग?

बुवा: मी त्या दिवशी वायरलेसवर "राहू दे" म्हटलं. त्यानंतर आता कशालाही नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही. ती बाई माझा हात धरून विचारत होती, दुसरी गाडी येतेय ना? मी म्हटलं, येतेय. खोटं बोललो. नाक्यावाल्यांचे उपकार नकोत म्हणून.

बारक्या: बुवा.

बुवा: बोल.

बारक्या: मी आलो असतो. चार मिनिटांत.

बुवा: आला असतास. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच जास्त लागतं.

बारक्या: दुसरंही एक आहे. तुम्ही खाली बसा.

बुवा: उभाच बरा आहे.

बारक्या: तुमचं मागचं डावं चाक. सकाळी निघतानाच बसलेलं होतं. मी बघितलं होतं. बोललो नाही. मुद्दाम. अकरा वाजता साहेबांना हेच सांगणार आहे, आणि पट्ट्याकडची बाजू आपण कुणीच बघत नाही तेही. तुम्हाला मारायचं असेल तर मारा. ताई अडवणार नाही.

ताई: मुळीच नाही.

बुवा: ...मी बसतोच.

ताई: पाणी देऊ?

बुवा: नको. तीन रात्री मी आठवतोय, बारक्या. पुढची दोन बघितली, मागचं उजवं लाथ मारून बघितलं, चौथं आठवतच नाही. म्हटलं, म्हातारा झालो, विसरायला लागलो. बायकोला म्हणालो, माझ्या हातात आता गाडी देऊ नये. आणि तू बघितलं होतंस.

बारक्या: हो.

बुवा: "माफ केलं" असं मी म्हणणार नाही. आज तरी नाही.

बारक्या: म्हणू नका.

बुवा: तुझ्या गाडीचा ब्रेकचा उजवा दिवा गेलाय. पट्ट्याकडचा.

बारक्या: काय? कधीपासून?

बुवा: आज अकरावा दिवस. मोजतोय मी. रोज तू बाहेर पडलास की आमची पोरं हसतात, मीही हसतो. मागून एखादा ट्रक येऊन आदळला असता तर आज या खुर्चीत तू असतास आणि तुझ्या जागी मी.

ताई: शाबास. दोघांनाही एकाच कोपऱ्यात उभं करायला हवं.

बुवा: उभं करा. बरं, तक्त्यात काय लिहिलंय, गाडी कुणी तपासायची?

ताई: ते ठरवलं नव्हतं. आत्ता ठरवते. नाक्याची गाडी टेकडीवाला तपासेल, टेकडीची नाक्यावाला. तपासणाऱ्याची सही नसेल तर मी फाटक उघडणार नाही. मग कुणी का ओरडेना.

बारक्या: आमची लोकं ओरडतील.

बुवा: आमचीही. तुमच्यापेक्षा जोरात. आवाजात टेकडीवाले पुढे आहेत.

बारक्या: ते मान्य नाही.

ताई: पुरे! पट्टा आजच पुसून घेते. तो मी मारला, मीच काढते.

बुवा: राहू द्या, बाई. पट्ट्यावर उभं राहिलं की दोन्हीकडची चाकं दिसतात.

ताई: थांबा, फोन. ...हो, बोला. ...किती वर्षांचे? श्वास चालू आहे? दार उघडं ठेवा, गाडी निघतेय. बारक्या, बुवा, बाजारामागची गल्ली, आजोबा जिन्यावरून पडलेत. बुवांची गाडी घ्या, तिला नवीन चाक आहे. आणि तो अर्ज कुठे चाललास घेऊन?

बारक्या: माझी सही खोडायला. गाडीत खोडतो. चला बुवा, तुम्ही चालवा.

बुवा: किल्ली माझ्याकडे आहे. तू अजून तिथेच का उभा?

बारक्या: तुम्ही गाडी सुरू करू नका. मी फटीतून जाऊन येतो.