तेवढीच पावडर

पाणी तपासणीच्या रांगेत शाळेच्या माळीणबाईंपुढे दोघे भाऊ बाटली घेऊन उभे होते.

"दादा, तू तुझ्या तळ्यात टाकलीस तेवढीच पावडर मी माझ्या तळ्यात टाकली. चिमूटभरही जास्त नाही."

"शेवाळ मेलं?"

"दोन दिवसांत सगळं तळाशी बसलं. मी खूश!"

"अरे, माझ्या तळ्यात झरा आहे, मेलेलं वाहून जातं. तुझं पाणी साचलेलं. तिथेच कुजणार, आणि पाण्यातला सगळा प्राणवायू खाणार."

"म्हणून काल मासे वर येऊन तोंडं उघडत होते?"

"आणि आज?"

"आज पाणी हलतच नाहीये."

मागून माळीणबाईंनी थोरल्याच्या खांद्याला हात लावला.

"अहो, टाकलेली पावडर परत काढता येते का हो? शाळेच्या हौदात सकाळीच टाकलीय मी. एकेका माशाला मुलांनी नाव दिलंय."