मावतं किती, पेलतं किती

मंडळी, एक सांगा! भांड्यात मावतं किती आणि भांड्याला पेलतं किती – हे एकच का? पंगतीत पाचवी जिलबी घेणाऱ्यांनी उत्तर द्यायचं नाही! तुमचं उत्तर पोटावर दिसतंय!

तर ऐका. करंजखोलच्या खाडीत भिकाजी डोर्लेकरांची लाँच. लाँचच्या कुशीवर पांढरी रेघ. रेघ पाण्यावर दिसली पाहिजे – बुडाली, की ओझं जास्त झालं! सरकार हे नियम नव्यानं करणार होतं. लाँचच्या पोटात जागा किती ते कसं मोजायचं, रेघ कुठं मारायची – लोकांनो, हरकती सांगा, सूचना सांगा! बंदराच्या शेडमध्ये सकाळी सभा भरली.

आणि त्याच दिवशी भिकाजींच्या लेकीचं, रत्नमालेचं लग्न! पण घरात बसतील ते भिकाजी कसले? हळदीच्या हातानं सभेत हजर!

"बाई," सर्वेक्षक नाडकर्णीबाईंना म्हणाले, "पोटात जागा मोकळी ऱ्हाते नि रेघ म्हनते बास! रेघ वीतभर वर घ्या. लिहा!"

बाईंनी लिहिलं. "आता जेवायला या," भिकाजी म्हणाले. बघा, हरकत घेतात आणि आमंत्रणही देतात – कोकणी माणूस!

लग्न लागलं. जेवणं झाली. वऱ्हाड नवरीला घेऊन पलीकडे निघालं. लाँचमध्ये कोण चढलं? विचारा, कोण राहिलं! विहीणबाई चढल्या, मावश्या चढल्या, रुखवताची पिंपं चढली, ढोल चढला, ढोलवाला चढला! सगळे मावले हो, सगळे! भिकाजी धक्क्यावरून कौतुकानं बघतायत – आणि नजर खाली गेली.

रेघ कुठाय?

पाण्यात!

भिकाजी धावत लाँचपाशी आले. पण तिथली रीत अशी – चढलेल्या वऱ्हाडाला उतर म्हणायचं नाही! अपमान! सोयरीक तुटायची! ढोल उतरवला. रेघ दिसेना. पिंपं उतरवली. दिसेना! आणि लाँचच्या कडेला रत्नमाला, मुंडावळ्या सावरत हसतेय.

भिकाजींनी हात जोडले. "विहीणबाय, उतरा."

ढोलवाल्याचं तोंड उघडंच राहिलं!

"मला? नवऱ्याच्या आईला?"

"रागवा, शिव्या द्या! पन माजी पोर हाय तिच्यात. तुमचा झील बी हाय!"

विहीणबाईंनी वाकून पाणी पाहिलं. मुलाकडे पाहिलं. मग पदर खोचला – "उतरा गं सगळ्या! दुसऱ्या खेपेला जाऊ. पण पुढची जागा माझी!"

आठ-दहा जणी उतरल्या आणि रेघ वर आली! ओली, पांढरी, नव्या नवरीसारखी! भिकाजी तिथंच नाचायला लागले, ढोलवाल्यानं ठेका धरला!

नाडकर्णीबाई मागेच उभ्या. "डोर्लेकर, तुमची ती सूचना..."

"खोडा ती, बाई! रेघ हाय थंयच ऱ्हांदे. फकत रंग जाड द्या – वऱ्हाडाला दिसंल असा!"

हसलात? हसा! सकाळी डोळ्यांपुढच्या लाँचमध्ये परकी माणसं होती, तेव्हा रेघ वीतभर वर हवी होती. दुपारी लेक बसली, आणि रेघ जागच्या जागी गोड झाली! आता देवळाबाहेर तुमचा टेम्पो उभा आहे. येताना त्यात कितीजण कोंबलेत, ते मी इथून पाहिलंय! जाताना दोन खेपा करायच्या. आणि दुसऱ्या खेपेसाठी जो आनंदानं थांबेल – देवाचा प्रसाद आधी त्याच्या हातावर!